कँटनची थाळी, फिलाडेल्फियाचे मेज

चित्रविषयांचीही एक उतरंड असते. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाश्रयी अकादमीतील पंडितांनी ती रचली आणि अठराव्या शतकात लंडनच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष सर जोशुआ रेनल्ड्स यांनी आपल्या व्याख्यानांतून तिला इंग्रजी जगात प्रतिष्ठा मिळवून दिली. सर्वांत वर पुराण आणि इतिहास, त्याखाली व्यक्तिचित्र, मग निसर्गदृश्ये आणि पशुपक्षी, आणि अगदी तळाला फळे, भांडी, पाव, मासे अशा वस्तूंची चित्रे. ज्याला कल्पनेचे पंख नाहीत त्याने समोरची वस्तू हुबेहूब उतरवून समाधान मानावे, असा या क्रमामागचा भाव होता. आपल्या कलाशाळांत स्थिरचित्र हा विषय पुष्कळदा हातवळणापुरता मानला जातो, त्याच्याही मुळाशी हाच क्रम आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारून दिली. ही उतरंड मात्र झुगारली नाही. नव्या प्रजासत्ताकात दरबार नव्हता, चित्रांवर पैसा ओतणारे धर्मपीठ नव्हते. गिऱ्हाईक होते ते व्यापारी, वकील, जहाजमालक यांचे, आणि त्यांना हवी असत ती आपली व आपल्या कुटुंबाची व्यक्तिचित्रे. अशा काळात फिलाडेल्फिया शहरी एका चित्रकाराने आपली उमेदीची वर्षे उतरंडीच्या तळाशी बसून काढली. रॅफेल पील हे त्याचे नाव. जन्म १७७४, मृत्यू १८२५. अमेरिकेतला पहिला व्यावसायिक स्थिरचित्रकार म्हणून आज कलेतिहासकार त्याचा उल्लेख करतात. हयातीत मात्र तो बापाच्या काळजीचा आणि थोड्याफार लज्जेचा विषय होता.

बाप सामान्य नव्हता. चार्ल्स विल्सन पील (१७४१–१८२७) हा मूळचा मेरीलँडचा, खोगिरे बनविणाऱ्याच्या हाताखाली शिकलेला. १७६७ मध्ये तो लंडनला गेला आणि मूळचा पेनसिल्व्हेनियाचाच असलेल्या बेंजामिन वेस्टपाशी त्याने चित्रकलेचे धडे घेतले. स्वातंत्र्ययुद्धात तो लढला. जॉर्ज वॉशिंग्टनची चित्रे त्याने पुन्हा पुन्हा काढली. १७८६ मध्ये त्याने फिलाडेल्फियात संग्रहालय उघडले. तेथे पेंढा भरलेले पक्षी रंगविलेल्या निसर्गदृश्यांपुढे मांडलेले असत, भिंतींवर राष्ट्रपुरुषांच्या मुद्रा असत आणि १८०१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात खणून काढलेला मॅस्टोडॉन या प्राचीन हत्तीसदृश प्राण्याचा सांगाडाही असे. मुलांची नावे त्याने ठेवली ती रॅफेल, रेम्ब्रां, टिशियन, रुबेन्स अशी. मुलींत एक अँजेलिका कॉफमन, एक सोफोनिस्बा. पोराच्या कपाळी जन्मतःच असे नाव कोरले म्हणजे त्याच्याकडून काय अपेक्षा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१७९५ मध्ये चार्ल्सच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘कोलंबियानम’ या कलासंस्थेचे प्रदर्शन भरले. त्यात चार्ल्सने एक मोठे चित्र मांडले: अरुंद जिना, त्यावरून वर जाणारा रॅफेल आणि वरच्या वळणावरून डोकावणारा त्याचा धाकटा भाऊ टिशियन. चित्राला चौकट खऱ्या दाराची लावली होती आणि खाली एक खरी लाकडी पायरी जोडली होती. वॉशिंग्टन त्या चित्रातल्या मुलांना खरी समजून मान लववून गेला, अशी आख्यायिका रेम्ब्रां पीलने पुढे सांगितली. त्याच प्रदर्शनात एकवीस वर्षांच्या रॅफेलने मांडलेल्या कलाकृतींत स्थिरचित्रे होती, एक ‘झाकलेले चित्र’ होते आणि ‘एक फसवणूक’ या नावाचेही एक चित्र होते. बापाने डोळ्याला फसविण्याचा खेळ जिन्याएवढ्या आकारात मांडला. मुलाने तोच खेळ मेजाएवढा केला आणि जन्मभर तिथेच राहिला.

चरितार्थ यावर चालणे शक्य नव्हते. रॅफेलने हस्तिदंतावर लहान व्यक्तिचित्रे काढली आणि दक्षिणेकडील राज्यांत हिंडून यंत्राच्या साहाय्याने लोकांच्या छायाकृती कापल्या. त्याची खरी स्थिरचित्रे आली ती १८१२ च्या पुढे, पेनसिल्व्हेनिया कला अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनांतून. ती आकाराने लहान. पुष्कळशी हातभर रुंदीचीसुद्धा नाहीत. रचना बहुतेकींत एकच. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आडवी फळी, मागे काळोखाकडे झुकणारी भिंत, एका बाजूने येणारा शांत प्रकाश आणि त्यात चारपाच वस्तू. ‘ब्लॅकबेरीज’ या सुमारे १८१३ च्या चित्रात फळांनी लगडलेल्या डहाळ्या भांड्याच्या काठाबाहेर झुकलेल्या आहेत. काही फळे पूर्ण काळी, काही लाल, काही अजून हिरवी. ती तोडून फार वेळ झालेला नाही आणि फार वेळ ती अशी राहणारही नाहीत, एवढे आपल्याला कळते. त्याच वर्षीच्या कलिंगड आणि गारवेलीच्या फुलांच्या चित्रात कलिंगड सुरीने कापलेले नसून फोडल्यासारखे वाटते आणि त्याचा ओला गर आपल्याकडे वळलेला आहे. हॉलंडच्या स्थिरचित्रांतील भरगच्च ताटे येथे नाहीत. ही मांडणी स्पॅनिश स्थिरचित्रांच्या अधिक जवळची, असे अनेक अभ्यासकांना वाटले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

आता १८१४ च्या ‘अ डेझर्ट’ या चित्रापाशी थोडे थांबू. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे. जेवण आटोपल्यावर पाहुण्यांपुढे ठेवावयाचा थाट: संत्री, लिंबे, सुका मेवा, मनुका. वरवर पाहता सुखवस्तू घरातली एक निवांत संध्याकाळ. परंतु १८१४ हे वर्ष ध्यानात घेतले की चित्राचा रंग बदलतो. १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले होते. १८१३ च्या आरंभी इंग्रज आरमाराने डेलावेर नदीचे मुख, म्हणजे फिलाडेल्फियाचा समुद्राकडचा एकुलता एक दरवाजा, रोखून धरला. त्या वर्षी मार्च महिन्यात स्टीफन जिरार्ड या फिलाडेल्फियाच्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्याचे ‘माँतेस्क्यू’ हे जहाज कँटनहून माल घेऊन परतत असता नेमके याच मुखाशी इंग्रजांच्या हाती पडले. जिरार्डने १,८०,००० डॉलर रोख मोजून ते सोडविले, आणि इतके देऊनही त्याला तो सौदा परवडला. कारण शहरात परदेशी मालाची टंचाई एवढी होती की चहा आणि रेशीम मागेल त्या भावाने खपे. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रज फौजेने राजधानी वॉशिंग्टन जाळली. संत्री, लिंबे, मनुका, सारेच समुद्रावरून येणारे जिन्नस. ते त्या वर्षी मेजावर मांडणे हा आहाराचा नव्हे, आठवणीचा आणि इच्छेचा विषय झाला होता. इतिहासचित्रे काढणाऱ्यांनी या युद्धातल्या आरमारी लढाया मोठमोठ्या फलकांवर रंगविल्या. बंदर बंद पडले म्हणजे घरात काय होते, ते या हातभर चित्रात आहे.

फळांइतकेच बोलते आहे ते भांडे. रॅफेलच्या आणि त्याचा काका जेम्स पील याच्या चित्रांत चिनी निर्यातीची भांडी पुन्हा पुन्हा दिसतात. आपण ‘चिनीमाती’ म्हणतो, इंग्रजीत त्या भांड्यांना नुसते ‘चायना’ म्हणतात. दोन्ही भाषांनी मालाचे गाव शब्दात जपून ठेवले आहे. वसाहतकाळात हा माल लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनच घ्यावा लागे. स्वातंत्र्य मिळताच अमेरिकन व्यापाऱ्यांनी पहिली गोष्ट केली ती स्वतःचे जहाज चीनला धाडण्याची. फिलाडेल्फियाचे सावकार रॉबर्ट मॉरिस आणि त्यांचे भागीदार यांनी पैसा घातलेले ‘एम्प्रेस ऑफ चायना’ २२ फेब्रुवारी १७८४ रोजी न्यूयॉर्कहून निघाले. त्याच्या पोटात सुमारे ३० टन जिनसेंग, म्हणजे अमेरिकेच्या रानात खणलेली आणि चिन्यांना प्रिय असलेली औषधी मुळी, भरली होती. मे १७८५ मध्ये ते चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी घेऊन परतले. भांडी जहाजात सर्वांत खाली रचीत. ती पाण्याने बिघडत नाहीत आणि जहाज डोलू नये म्हणून तळाला वजन तर हवेच असते. त्यांच्या वर चहाची खोकी कोरडी राहत. म्हणजे उतरंडीचा तळ येथेही भांड्यांच्याच वाट्याला आला. वॉशिंग्टननेसुद्धा १७८६ मध्ये अशा चिनी भांड्यांचा ३०२ नगांचा संच विकत घेतला.

भांडी घडत ती चीनच्या आतील भागात, जिंगदेझेन येथे. त्यांतील पुष्कळांवर रंगकाम होई ते कँटनच्या कारखान्यांत, गिऱ्हाइकाने पाठविलेल्या नमुन्याबरहुकूम. रंग भरणाऱ्या कारागिराने अमेरिका पाहिलेली नसे आणि त्या थाळीत स्ट्रॉबेरी मांडून तिचे चित्र काढणाऱ्याने कँटन पाहिलेले नसे. एकाने रंगविलेली वस्तू दुसऱ्याने पुन्हा रंगविली; दोघांपैकी पहिल्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

या भांड्यांची किंमत चुकती कशी होत असे, हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. चिन्यांना पाश्चात्त्य माल फारसा नको होता. त्यांना हवी होती चांदी. जिनसेंगचा बाजार लवकरच भरून गेला. अमेरिकन जहाजे स्पॅनिश चांदीचे डॉलर नेत. १८०५ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्याच काही व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानातील स्मर्ना बंदरातून अफू उचलून कँटनला नेण्याचा धंदा सुरू केला. इंग्रजांची अफू बंगालची, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी नेली ती गुजरातेतल्या कापसाच्या जोडीने माळव्याची. इंदूर-उज्जैनच्या शेतांतील खसखशीच्या बोंडांचा चीक आणि फिलाडेल्फियाच्या मेजावरची निळी-पांढरी थाळी यांची गाठ कँटनच्या एकाच बाजारात पडत होती. अमेरिकन जहाजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यालाही फार लवकर लागली. फिलाडेल्फियाहून निघालेले ‘युनायटेड स्टेट्स’ नावाचे जहाज १७८४ च्या अखेरीस पुदुच्चेरीस पोहोचले. पुढे कलकत्त्याचे सुती कापड अमेरिकेत इतके जाऊ लागले की १८१६ च्या जकात कायद्यात त्याला अडविणारी तरतूद तेथील गिरणीवाल्यांनी करून घेतली.

रॅफेलच्या १८२२ च्या एका चित्राचे नाव आहे ‘स्ट्रॉबेरी, सुका मेवा वगैरे’. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मला त्यातला ‘वगैरे’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. आयात केलेली भांडी, दुसऱ्या गोलार्धातून आलेली चव, तिच्यासाठी राबलेले हात, हे सारे त्या ‘वगैरे’त आहे. त्याच सुमाराच्या, लिंबे आणि साखर यांच्या एका चित्राविषयीही हेच म्हणता येईल. साखर तेव्हा कॅरिबियन बेटांवरून येई आणि ती गुलामांच्या श्रमाची असे. फिलाडेल्फियातील क्वेकर पंथीयांपैकी काही जण अशी साखर घरात येऊ देत नसत. चित्रातील शुभ्र साखर यापैकी काही सांगत नाही. रॅफेलला त्याची टोचणी होती असे मानण्याला आधार नाही; आणि त्याला सुधारकाच्या पंक्तीला बसविण्याचा जो मोह अलीकडच्या काही लेखनात दिसतो तो आवरलेला बरा. त्याने वस्तू इतक्या निरखून रंगविल्या की आपल्याला त्यांचे गाव विचारता येते. त्याचे श्रेय तेवढेच आणि ते थोडे नाही.

गुलामगिरी दूर बेटांवरच होती असेही नाही. पीलच्या स्वतःच्या घरात मोझेस विल्यम्स नावाचा गुलाम मुलगा वाढला. तो रॅफेलच्याच वयाचा, वर्ष-दोन वर्षांचा काय तो फरक. पीलच्या मुलांच्या हाती कुंचला आणि तैलरंग आले. मोझेसला पक्ष्यांत पेंढा भरण्याचे आणि संग्रहालयातील इतर कामे शिकविण्यात आली. १८०२ मध्ये त्याला मुक्त करण्यात आले आणि त्याच सुमारास संग्रहालयात आलेले छायाकृतींचे यंत्र त्याच्याकडे सोपविले गेले. पुढच्या एका वर्षात त्याने आठ हजारांहून अधिक छायाकृती कापल्या. त्या कमाईवर त्याने घर घेतले. त्या छायाकृतींवर शिक्का असे तो संग्रहालयाचा. ‘मोझेस विल्यम्स, छायाकृती कापणारा’ अशी अक्षरे असलेली एक छायाकृती फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत आहे. दीर्घकाळ ती रॅफेलची मानली गेली. ती मोझेसने स्वतःच कापलेली आत्मप्रतिमा असावी, असे मत अलीकडे मांडले गेले आहे आणि मला ते अधिक ग्राह्य वाटते. उतरंड केवळ चित्रविषयांची नव्हती. कोणाच्या हाती तैलरंग द्यावयाचे आणि कोणाच्या हाती काळा कागद व कात्री, हेही तिच्यातच ठरत होते.

चार्ल्सची पत्रे पाहिली तर रॅफेलविषयीची त्याची तगमग खरी आहे. मुलाच्या स्थिरचित्रांतील कौशल्य तो मान्य करी, परंतु एवढ्या हाताने व्यक्तिचित्रे काढावीत, संसार सावरावा, मद्य सोडावे, हा त्याचा धोशा अखेरपर्यंत चालू होता. रॅफेलला सांधे सुजविणारा वातविकार होता. हातांना इतक्या यातना होत की कधी कधी काम अशक्य होई. बापाच्या संग्रहालयासाठी पक्षी टिकविताना सोमल आणि पाऱ्याचे क्षार वापरले जात, आणि ते काम रॅफेलने वर्षानुवर्षे केले होते. त्याची व्याधी मद्याची नसून त्या विषांची होती, असा सिद्धान्त १९८८ च्या सुमारास एका अभ्यासिकेने मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. व्याधीचे मूळ एकाच ठिकाणी शोधण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी झाला, असे मला वाटते. मद्य होते, विषही होते.

आणि होता एक तिरकस विनोद, जो बापाच्या उपदेशाला पुरून उरला. सुमारे १८२२ मध्ये रॅफेलने ‘समुद्रातून वर येणारी व्हीनस: एक फसवणूक’ हे चित्र काढले. चित्रात एका फितीवर टाचण्यांनी अडकविलेला पांढरा कपडा आहे. त्याच्या घड्या नुकत्याच मोडलेल्या दिसतात. वरच्या बाजूने एक उचललेला हात आणि केस, खालच्या बाजूने एक पाऊल, एवढेच काय ते व्हीनसचे दर्शन. मागची आकृती जेम्स बॅरी या आयरिश चित्रकाराच्या व्हीनसवरून घेतलेली आहे. पाहणाऱ्याला वाटावे की चित्रावर कोणीतरी लाजेखातर कपडा टाकला आहे, आणि तो दूर सारण्यासाठी हात पुढे करावा तर कपडाच रंगविलेला. या चित्रातील थट्टा सोवळ्या प्रेक्षकांची आहे असे नेहमी म्हटले जाते. ती तर आहेच. परंतु व्हीनस म्हणजे पुराणविषय, उतरंडीचे शिखर; आणि रॅफेलने ते शिखर घरातल्या एका धुतलेल्या कपड्याने झाकून टाकले. पाहण्याजोगे जे आहे ते त्या कपड्याच्या घड्यांत आहे. कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाने १९३४ मध्ये हे चित्र घेतले, तेव्हा त्याचे मूळ नावही विसरले गेले होते. ‘स्नानानंतर’ या नावाने ते बराच काळ ओळखले गेले.

मार्च १८२५ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी रॅफेल वारला. दोन वर्षांनी चार्ल्सही गेला. संग्रहालय पुढे कर्जात बुडाले. त्यातील वस्तू विकल्या गेल्या, काही पी. टी. बार्नम या तमाशेवाल्याकडे गेल्या, आणि मॅस्टोडॉनचा सांगाडा जर्मनीतील डार्मस्टाट येथे जाऊन पोहोचला. रॅफेलची चित्रे घराघरांत विखुरलेली राहिली. त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया येथे भरले ते १९८८–८९ मध्ये.

स्थिरचित्राचा धागा मात्र घरात तुटला नाही. काका जेम्स पील (१७४९–१८३१) याने आयुष्यभर हस्तिदंतावर मुद्रा रंगविल्या आणि सत्तरीच्या आसपास तो फळांकडे वळला. त्याच्या मुलींपैकी ॲना आणि सारा यांना पेनसिल्व्हेनिया अकादमीने १८२४ मध्ये सभासद करून घेतले. मार्गारेटा हिने स्थिरचित्रेच काढली. जेम्सच्या चित्रांत पुतण्याचा संयम नाही. फळे परडीतून ओसंडतात, पानांना कीड लागलेली असते, सफरचंदावर डाग असतो. मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे १८२० नंतरच्या दशकातले म्हणून समजले जाणारे एक चित्र आहे, त्यात फळांऐवजी भाज्या आहेत, आणि आपल्यापैकी कोणीही त्यापुढे उभे राहिले तर मंडईत आल्यासारखे वाटेल. कोबीचे तीन प्रकार, भोपळा, टोमॅटो, वांगे, भेंडी. कोबी युरोपातून आलेला, भोपळा आणि टोमॅटो अमेरिका खंडाचेच. वांगे मूळ आपल्याकडचे, अरबांच्या आणि युरोपीयांच्या हातून तेथवर गेलेले. भेंडी आफ्रिकेची, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिकपार गेली. आणि त्यांच्यात एक खरखरीत, फुगीर फळ आहे, ज्यावरून चित्राला नाव मिळाले. इंग्रजीत त्याला बाल्सम ॲपल म्हणतात. ते कारल्याच्याच कुळातले. पिकले की ते नारिंगी होऊन तडकते आणि आत लालभडक आवरणाच्या बिया दिसतात. तिकडच्या लोकांनी ते खाण्यासाठी लावले नव्हते. वेल दिसायला सुंदर म्हणून परसात चढवीत, आणि फळ मद्यात किंवा तेलात मुरवून जखमांवर लावीत.